चाळीसच्या खाली

इरगोंडा सकाळच्या गडहिंग्लज गाडीनं खोकं आणतो.
बर्फाच्या पिशव्यांत जांभळ्या टोपणांच्या नळ्या.
सही घेतो, चहा नको म्हणतो,
तरी अर्धा पितोच.

साठ नमुने. प्रत्येकाचे दोन वाटे,
एक जुन्या मशीनला, एक नव्या.
जुनं घरघरतं, लाईट गेली की रुसतं,
पण सात वर्षं त्याच्याच आकड्यांवर
आम्ही माणसांना सांगत आलोय :
हीच गोळी चालू ठेवा. किंवा, जरा बसा, बोलायचंय.
नवं पांढरं, गप्प.
अजून इथं कुणाला ओळखत नाही.

नसीमा वाचते, मी लिहून घेते.
अठरा हजार दोनशे, एकवीस हजार नऊशे.
सातशे चाळीस, नऊशे साठ.
"मॅडम, कुणाचं धरायचं?"
"लॉगमध्ये काढा आधी. अर्ध्या लॉगच्या आत सगळं माफ."
पाच लाख आणि सहा लाख वीस हजार,
एवढी मोठी दरी
कागदावर तांदळाच्या दाण्याएवढी होते.
बरं वाटतं. थोडं फसवल्यासारखंही.

उद्यमनगरात आप्पांचं लेथ आहे.
रात्री त्यांना सांगितलं, रक्ताचं नाव न घेता.
बोटांचं ऑइल चिंधीला पुसत म्हणाले,
"दोन मायक्रोमीटर कधी एक बोलत्यात व्हय?
कुठला खरा म्हणून भांडू नगं.
किती चुकतोय त्ये बघ, आन् एकाच अंगाला चुकतोय का.
एकाच अंगाला चुकणारा परवडतो, सांभाळून घेता येतंय.
कधी हिकडं कधी तिकडं, त्यो भंगारात घाल."

म्हणून आडव्या रेषेवर सरासरी घेतली, उभीवर फरक.
बहुतेक ठिपके दोन तुटक रेषांच्या आत बसले,
गुऱ्हाळात काहिलीभोवती माणसं बसावीत तसे,
जरा वरच्या अंगाला सरकून.
नवं मशीन हात सैल सोडून मोजतं, एवढंच.
खाली मात्र, पाचशेच्या आत, पांगापांग.

आणि एक ठिपका कुठंच बसेना.
नमुना सदतीस. स्त्री, वय एकतीस.
जुनं म्हणतं, सापडला नाही.
नवं म्हणतं, एकशे बारा.
"सापडला नाही"ची सरासरी कशी काढतात?
पुन्हा लावला.
जुनं : चाळीसच्या खाली. नवं : सत्त्याण्णव.
तिसऱ्यांदा लावायला नळीत काही उरलं नव्हतं.

दर तिमाहीला एक बाई खिडकीशी येते, आमच्या इथलीच,
जाळीला नाक लावून विचारते,
"शून्य आलं का ओ ताई?"
शून्य असं लिहून येत नाही, मी सांगते.
"मग काय येतंय?"
सापडला नाही, असं येतं.
तिनं एकदा नीट विचार केला.
"म्हंजे हाय, पर घावंना. आमच्या मालकागत."
आणि आम्ही दोघी एवढ्या हसलो
की रांगेतले पुरुष खाली बघायला लागले.

सदतीस ती नव्हे. सदतीस गडहिंग्लजकडची.
तरी तो नंबर वाचताना
मला जाळीवरचं नाकच दिसतं.

अहवाल झाला. दोन्ही चाचण्या तुलनेत समाधानकारक.
नवी किंचित चढी. दोनशेच्या खाली जपून वाचावे.
सदतीसच्या शेऱ्यात मी लिहिलं होतं :
कोण कुठल्या अंगाला चुकतंय, अजून कळलेलं नाही.
मॅडमनी लाल पेनानं ते खोडलं,
लिहिलं, नवा नमुना मागवा.

तेही बरोबरच.
चारच्या गाडीनं इरगोंडा रिकामं खोकं घेऊन गेला,
चिठ्ठी वरच्या खिशात,
तंबाखूच्या पुडीला लागून.